एक्स-रेच्या आधी एक कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत खोकल्याच्या नि धापेच्या रुग्णांची रांग लागते. रांगेत तास-दीड तास जातो आणि डॉक्टरांपुढे तीन-चार मिनिटे मिळतात. तेवढ्यात केसपेपरवर एकच ओळ उतरते, ‘खोकला, दहा दिवस’, आणि तिच्याखाली औषधे नाहीतर एक्स-रे. रुग्णालाही तेच हवे असते. ‘एकदा फोटो काढूया ना डॉक्टर’ हे कुठल्याही दवाखान्यात ऐकू येणारे वाक्य आहे. आमची सूचना साधी आहे. रांगेतला तो वेळ वापरावा. प्रत्येक आरोग्य केंद्रात मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नडमधून छापलेला एका पानाचा प्रश्नकागद ठेवावा, परिचारिकेने तो रांगेतच भरून घ्यावा, आणि डॉक्टरांनी तो वाचल्याशिवाय तपासणीची चिठ्ठी लिहू नये. त्या पानावर काय असावे आणि का, ते इथे मांडतो.

रुग्णाची हिस्टरी घेणे म्हणजे तपासणीआधीचा शिष्टाचार, असा एक समज आहे. ब्रिटनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांच्या बाबतीत, नुसते संदर्भपत्र वाचून आणि हकीकत ऐकून केलेले निदान शेवटपर्यंत टिकले होते. श्वसनविकारांत तर हकीकतीचे वजन आणखी जास्त. दम्याचा रुग्ण दोन झटक्यांच्या मधल्या काळात आला तर छाती साफ, एक्स-रे साफ, कधी कधी नळीत फुंकण्याची स्पायरोमेट्रीसुद्धा ठीक. रात्री तीन वाजता त्याला उठून बसावे लागते ही गोष्ट कुठल्याच यंत्रात दिसत नाही.

पहिला प्रश्न मोकळा हवा. ‘काय त्रास होतो ते सांगा’ म्हणून थांबायचे. अमेरिकेत १९८४ साली झालेल्या एका गाजलेल्या पाहणीत डॉक्टरांनी रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडलेले आढळले. आपल्याकडे कुणी घड्याळ लावले तर आकडा फार वेगळा येईल, असे आम्हाला वाटत नाही. रुग्णाला मिनिटभर बोलू दिले तर तो बहुधा आपणहून थांबतो आणि निम्मी उत्तरे देऊन टाकतो. ‘कफ पडतो ना?’, ‘ताप नाही ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न मात्र टाळावेत. डॉक्टरांचे मन राखायला माणसे हो म्हणतात.

मग मुदत. मोठ्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांच्या आतला असेल तर बहुतेकदा विषाणूंचा, तीन ते आठ आठवड्यांचा असेल तर पुष्कळदा त्याच संसर्गाची उरलेली शेपटी, आणि आठ आठवड्यांच्या पुढचा म्हणजे कारण शोधलेच पाहिजे असा. मुलांत ही शेवटची मर्यादा चार आठवड्यांची. क्षयरोगाचा नियम वेगळा आहे. खोकला दोन आठवडे वा जास्त टिकला, किंवा खोकल्याबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजनात घट यांतले काही असले, की थुंकी तपासायची. ज्या ट्रूनॅट यंत्रावर ती आज देशभर तपासली जाते, ते बनवणारी कंपनी आपल्या वेर्ण्याची आहे, हे अनेक गोवेकरांना ठाऊक नसते. पण यंत्र वेर्ण्याचे असो की कुठले, थुंकीच्या डबीत लाळ दिली तर उपयोग शून्य. सकाळी तोंड धुऊन, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन, खोल खोकून आलेला कफच द्यायचा, हे परिचारिकेने रांगेतच सांगावे.

‘किती दिवस?’ याला ‘खूप दिवस’ असे उत्तर येते. तारीख विचारून काही हाती लागत नाही, सण विचारावा. गणेश चवथीला होता का? दिवाळीला नरकासुर जाळला त्या रात्री वाढला का? शिगम्यात रोंबटाच्या मिरवणुकीबरोबर चालता आले का? नाताळाच्या सुट्टीत? धापेचे मोजमापही असेच करता येते. गेल्या चवथीला मूळ घरी गेलात तेव्हा विहिरीवरून कळशी आणता येत होती, यंदा आली का, या एका प्रश्नात वर्षभराची घसरण कळते.

धापेला अंक द्यायला हवा, नाहीतर पुढच्या भेटीत बरे की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही. प्रचलित मापात शून्य ते चार अशा पाच पायऱ्या आहेत. फक्त जड मेहनतीने धाप लागली तर शून्य. सपाटीवर घाईने चालताना किंवा साधा चढ चढताना लागली तर एक. पणजीत राहणाऱ्याला आल्तिन्होचा चढ विचारावा. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांपेक्षा मागे पडतो, किंवा स्वतःच्या चालीने जातानाही थांबावे लागते, तर दोन. शंभरेक मीटरवर किंवा थोड्या मिनिटांत थांबावे लागते, तर तीन. घराबाहेर पडता येत नाही, कपडे बदलतानाही धाप लागते, तर चार. इथली मेख अशी की माणूस नकळत हालचाल कमी करतो. ‘मला काही धाप लागत नाही’ म्हणणारा गृहस्थ दोन वर्षे बाजारातच गेलेला नसतो. म्हणून ‘काय करायचे सोडून दिलेत?’ हा प्रश्न कागदावर हवाच, आणि तो घरच्यांनाही विचारावा.

धाप कोणत्या वेळी लागते यावरून दिशा ठरते. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान छातीत शिट्टी वाजून जाग येत असेल तर दमा आधी मनात आणावा. आडवे झाल्यावर तास-दोन तासांत गुदमरून उठणे, दोन-तीन उशा लागणे, पावलांना सूज, हे हृदयाकडे बोट दाखवते. क्षणात सुरू झालेली धाप वेगळीच. तिथे फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे का, किंवा पायातल्या शिरेतली गुठळी फुप्फुसात गेली आहे का, हे बघायचे. अशा वेळी एका पायाची सूज, चार आठवड्यांतली शस्त्रक्रिया, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, आखातातून किंवा युरोपातून केलेला लांबचा विमानप्रवास, हे सगळे विचारावे. आपल्याकडे घरटी कुणीतरी परदेशात वा जहाजावर आहे, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न गोव्यात तरी अनाठायी ठरणार नाही.

कफाचा रंग सगळेच सांगतात, प्रमाण कुणी सांगत नाही. चमचाभर की अर्धा कप? कूस बदलल्यावर जास्त पडतो का? वास येतो का? वर्षानुवर्षे रोज अर्धा कप, दुर्गंधीचा, असे उत्तर आले तर श्वासनलिका कायमच्या रुंदावल्याचा संशय घ्यावा. हिरवा कफ म्हणजे अँटिबायोटिक, हे समीकरण मात्र चुकीचे आहे. साध्या विषाणुसंसर्गातही तो हिरवा-पिवळा होतो. रक्त पडत असेल तर ते खोकल्यातून की उलटीतून, नाकातून घशात उतरलेले की हिरडीचे, हे आधी वेगळे करावे. खोकल्यातले लालभडक आणि फेसाळ असते, पोटातले काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखे, अन्नकण मिसळलेले. पावसाळ्यात शेतात किंवा तुंबलेल्या पाण्यात काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि थुंकीत रक्त असेल तर लेप्टोस्पायरोसिस समजून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. क्षयासारखाच दिसणारा, मधुमेहींना मातीतून आणि पाण्यातून जडणारा मेलिओइडोसिस शेजारच्या कर्नाटक किनारपट्टीवर चांगला नोंदलेला आहे. मधुमेह विचारायचा तो यासाठीही.

आता कामधंदा. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो आणि त्यात ‘दुकान’ किंवा ‘घरी’ असे लिहिलेले असते. फुप्फुसाला आजचा व्यवसाय कळत नाही, त्याला वीस वर्षांपूर्वीचा आठवतो. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी उघड होतो, धूळ थांबल्यावरही वाढत राहतो आणि क्षयाला दार उघडून देतो. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांतले कितीतरी लोक त्यानंतर टॅक्सी, दुकान, बागायत असे दुसरेच काही करू लागले. त्यांना ‘काय करता?’ विचारले तर खाणीचा उल्लेख येणारच नाही. शाळा सोडल्यापासून आजवरची कामे क्रमाने विचारावीत: कुठे, किती वर्षे, नेमके हात कशात होते. ‘खाणीत होतो’ एवढ्याने भागत नाही. ड्रिलवर, क्रशरवर, ट्रकवर की कार्यालयात? दगड, ग्रॅनाइट किंवा फरशी कापताना पाणी सोडत होते की कोरडेच कापत होते? गोदीत लोखंडावर वाळूचा मारा केला का, बंद टाकीत वेल्डिंग केले का, जुन्या जहाजाचे पाइपांवरचे आवरण उचकटले का? तोंडाला काय बांधत होते? रुमाल असेल तर तो नसल्यातच जमा. आणि बरोबरच्या कामगारांपैकी कुणाला असेच झाले का? सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवण्याजोगा आजार आहे. डॉक्टरांनी कामाचा इतिहासच लिहिला नाही तर तो कळवला जात नाही, आणि नुकसानभरपाईच्या दाव्याला कागदाचा आधार उरत नाही.

धुळीचे धंदे खाणीपुरते नाहीत. लाकडाच्या भट्टीवर पाव भाजणाऱ्या पोदेराला धूर आणि पीठ दोन्ही मिळतात; पिठाने होणारा दमा जगभर ओळखीचा आहे. कोळंबी सोलण्याच्या नि मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत, औषधांची भुकटी हाताळणाऱ्या कारखान्यांत, हॉटेलांच्या खोल्या धुणाऱ्यांत कामामुळे होणारा दमा दिसू शकतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतले की क्लोरिन वायू सुटतो, हे सफाई कामगारांना कुणीतरी सांगायला हवे. या सर्वांना विचारायचा प्रश्न एकच: सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? रोजच कामावर जाणाऱ्याला ‘गावी गेल्यावर?’ असे विचारावे. उत्तर हो आले तर फुंकरीचा वेग मोजणारे पीक फ्लो मीटर देऊन दिवसातून चार वेळा, दोन ते चार आठवडे, कामाचे नि सुट्टीचे दोन्ही दिवस धरून आकडे लिहायला सांगावेत. काजूच्या मोसमात फेणीच्या भट्टीवर बसणाऱ्याची खोकल्याची वेळ मार्च ते मे अशी निघाली तर आश्चर्य नको.

धुराबद्दल विचारताना गोव्यात एक हमखास चूक होते. ‘स्वयंपाक कशावर?’ ‘गॅसवर.’ झाले, धूर नाही अशी नोंद. पण न्हाणीतले पाणी तापवायचे भाण अजून कित्येक घरांत सोडण, करवंट्या आणि चुडतांवर तापते, आणि ते पेटवते तीच बाई जिला ‘कधी विडी ओढली नाही तरी असा खोकला कसा?’ असा प्रश्न पडलेला असतो. म्हणून ‘आंघोळीचे पाणी कशावर तापवता?’ हे स्वतंत्र विचारावे. रोजचे धुरातले तास गुणिले वर्षे असा हिशेब मांडता येतो. रोज दोन तास, तीस वर्षे, म्हणजे साठ.

विडी-सिगारेटलाही असाच गुणाकार आहे. रोजच्या सिगारेटी भागिले वीस, गुणिले वर्षे. रोज दहा, तीस वर्षे, तर १५ ‘पॅक-वर्षे’. विडीसाठी आपल्याकडे रोजची संख्या गुणिले वर्षे असा निर्देशांक वापरतात. रोज पंधरा, वीस वर्षे म्हणजे ३००, आणि त्यापुढचे सगळे भारी धूम्रपान. संख्या खरी सांगत नाहीत, तेव्हा ‘एक बंडल किती दिवस पुरते?’ हे विचारलेले बरे. ‘ओढता का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्यांत गेल्या आठवड्यात धाप लागली म्हणून सोडलेलेही असतात, तेव्हा प्रश्न ‘कधी ओढत होता का?’ असा असावा. गांजा आणि व्हेप तरुणांना आईवडिलांसमोर विचारू नयेत.

घराविषयीचे प्रश्न थोडे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांना, भिंतींना बुरा येतो का? एसीची जाळी शेवटची कधी धुतली? खिडकीत कबुतरे, पिंजऱ्यात पोपट, गोठ्यात भिजलेले गवत आहे का? बुरशी नि पक्ष्यांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसदाह अंगात मुरत जातो. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, अंग मोडून येणे, आणि दुसऱ्या दिवशी बरे, अशी त्याची चाल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुप्फुसाच्या अंतर्गत ऊतींच्या आजारांत याच प्रकाराचे रुग्ण सर्वाधिक निघाले होते. तरीही कबुतरांचा प्रश्न केसपेपरवर क्वचितच दिसतो.

औषधांसाठी रुग्णाने तोंडी यादी देऊ नये, सगळी पाकिटे पिशवीत घालून आणावीत. रक्तदाबावरच्या रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी कोरडा, घशात खवखवणारा खोकला होतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा काही महिन्यांनीही येतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी बदलल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. त्याच्यावर खोकल्याची बाटलीमागून बाटली रिचवणारे भेटतात. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब डोळ्यात घातले तरी दमा उसळू शकतो. थेंबांना कुणी औषधात धरत नाही, म्हणून ते नाव घेऊन विचारायचे. ॲस्पिरिन वा वेदनाशामक गोळीनंतर तास-दोन तासांत धाप, नाक चोंदणे, आणि नाकात मांसवाढ, ही तिन्ही जुळली तर ती गोळी कायमची बंद. लेबल नसलेल्या ‘दम्याच्या पुड्यां’त कधी कधी स्टिरॉइड निघते, ती पुडीही आणावी.

पंप घेतो म्हणणाऱ्याला समोर घेऊन दाखवायला लावावे. यासारखी शिकवणारी तपासणी दुसरी नाही. काही जण कॅप्सूल यंत्रात घालण्याऐवजी गिळतात. फवाऱ्याचा पंप न हलवता दाबतात, आधी दाबून मग श्वास घेतात, दहा सेकंद श्वास रोखत नाहीत. फवाऱ्याला श्वास सावकाश आणि खोल, भुकटीला जोरात आणि खोल, याची अदलाबदल तर रोजची. तातडीच्या वेळी घ्यायचा निळा पंप किती दिवसांत संपतो हेही विचारावे. त्यात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील तर दमा आटोक्यात नाही. महिन्याला एक लागत असेल तर जिवाला धोका आहे.

पूर्वीचा क्षय विचारताना आडून विचारावे लागते. सगळ्यांसमोर ‘टीबी झाला होता का?’ म्हटले की मान नकारार्थी हलते. ‘सहा महिने चालणाऱ्या, लघवी लालसर करणाऱ्या गोळ्या कधी घेतल्या का?’ याला खरे उत्तर मिळते. किती महिने घेतल्या, मध्ये सोडल्या का, शेवटी थुंकी तपासली का, हेही लिहावे. औषध पूर्ण झालेल्या माणसाचा प्रत्येक खोकला नवा क्षय नसतो. जुन्या व्रणांमुळेही पुढे धाप लागते. थुंकी न तपासता त्याला पुन्हा गोळ्या सुरू करणे हा अन्याय आहे. जुना एक्स-रे सोन्यासारखा जपावा. आखातात किंवा जहाजावर जाताना वैद्यकीय तपासणीसाठी काढलेला फोटो बऱ्याच घरांत कपाटावर पडलेला असतो. आजचा डाग तेव्हाही तेवढाच होता हे दिसले तर पुढचा सीटी स्कॅन आणि महिनाभराची झोपमोड दोन्ही टळू शकतात.

लहान मुलांत एक प्रश्न विसरू नये: खेळता-खाताना अचानक ठसका लागला होता का? शेंगदाणा, चणा, काजूचा तुकडा एका श्वासनलिकेत अडकतो, ठसका थांबतो, घरचे विसरतात आणि दोन आठवड्यांनी ‘एकाच बाजूचा न्यूमोनिया बरा होत नाही’ म्हणून मूल फिरत राहते. रात्रीच खोकणाऱ्या, दम्यासारखे दिसणाऱ्या आणि दम्याच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ३००० च्या वर निघाल्या तर हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुप्फुसविकार आठवावा.

ही चौकशी सवडीने करायची, पण काही रुग्णांना रांगेत उभेच करू नये. जो एक वाक्य एका दमात पुरे करू शकत नाही, ज्याचे ओठ निळसर, ज्याचे बोटावरचे ऑक्सिजन ९० च्या खाली, जो अर्धा कप रक्त खोकला, त्याला थेट आत घ्यावे, घरी असेल तर १०८ बोलवावी. मुलांचे श्वास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० वा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० वा जास्त, एक ते पाच वर्षे ४० वा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर थांबू नये. हे आकडे प्रश्नकागदाच्या मागच्या बाजूला ठळक छापावेत आणि कागद रुग्णाकडेच राहू द्यावा, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा इस्पितळात पाठवले तर तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. आरोग्य खात्याने एका तालुक्यातल्या केंद्रांत येत्या पावसाळ्यापुरता हा कागद वापरून पाहावा.

आपले नम्र,
श्वसनविकारांचे रुग्ण तपासणारे दोन डॉक्टर,
फोंडा